बडोद्याचे महाराज आणि आप्पांचे पुस्तकालय

यंदा दिवाळीच्या सुटीत मी बडोद्याला आत्याकडे गेलो होतो. आत्याचे सासर दांडिया बाजारातले. तिच्या यजमानांचे आजोबा संस्थानच्या नोकरीसाठी साताऱ्याकडून इकडे आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, भाजीवाल्याशी गुजराती आणि राग आला की दोन्ही, असा त्या घराचा व्यवहार. पहिल्या दिवशी सकाळी चहा झाला आणि आत्याचे सासरे, म्हणजे आप्पा, यांनी अंगात कोट चढवला, काठी घेतली आणि मला चपला घालायला सांगितले. आप्पांचे वय नव्वदीला टेकलेले. या वयात सकाळी कोट घालून निघालेला माणूस देवळात जात असणार, असे समजून मी खिशात सुटे पैसे आहेत का ते चाचपले. पण वाटेत देवळे दोन लागली, दोन्हीकडे त्यांनी बाहेरूनच हात जोडले आणि आम्ही पोचलो ते मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत.

आप्पा तिला पुस्तकालय म्हणतात. वृत्तपत्रांच्या दालनात त्यांची खुर्ची ठरलेली आहे. ती कोणी राखून ठेवलेली नाही, पण त्या वेळी तिथे दुसरे कोणी बसत नाही. त्यांच्यासारखे आणखी सात-आठ जण होते. एकाने आप्पांपुढे न बोलता मराठी दैनिक सरकवले. दुसऱ्याने कालची राहिलेली शब्दकोड्याची ओळ विचारली. मी तेवढ्यात पुस्तकांच्या दालनात हिंडून आलो. मांडण्या लोखंडाच्या, आणि वरच्या मजल्याची जमीन चक्क जाड काचेची! वरचा उजेड खाली झिरपावा म्हणून केलेली ही योजना. त्या काचेवरून चालताना पहिल्यांदा पाय उचलवत नाही. आप्पा सात वर्षांचे असताना थोरल्या भावाचे बोट धरून मुलांच्या विभागात आले, तेव्हापासून ते येथे येत आहेत. नोकरीच्या काळात रविवारी, आता रोज.

परत येताना आप्पा सारखे आमचे महाराज, आमचे महाराज असे म्हणत होते. महाराज वारले तेव्हा आप्पा पाळण्यातून नुकते उतरले असतील. त्यांनी महाराजांना पाहिलेलेसुद्धा नाही. मला मात्र मनातून थोडी लाज वाटली. कारण हे महाराज आमच्या नाशिक जिल्ह्यातले, मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचे. आप्पांना त्यांच्याविषयी जेवढे माहीत होते त्याच्या चौथा हिस्साही मला माहीत नव्हते. सुटीचे उरलेले दिवस मी मग त्याच पुस्तकालयात बसून सयाजीराव गायकवाड वाचले. त्यातले थोडे या वार्षिकाच्या वाचकांसाठी लिहीत आहे.

कवळाणे हे शेतकऱ्यांचे गाव. गायकवाड घराण्याची एक दूरची शाखा तेथे शेती करून राहत होती. त्या शाखेतल्या काशिरावांना तीन मुलगे: आनंदराव, गोपाळराव आणि संपतराव. मधला गोपाळ 11 मार्च 1863 रोजी जन्मला. गुरे राखावी, विहिरीत पोहावे, असे त्याचे बालपण. बारा वर्षांचा होईपर्यंत त्याला अक्षरओळख नव्हती.

तिकडे बडोद्यात खंडेराव महाराज 1870 साली वारले होते आणि त्यांचे भाऊ मल्हारराव गादीवर बसले होते. मल्हाररावांचा कारभार, रेसिडेंट फेर यांच्यावरील विषप्रयोगाचा आरोप, त्याची चौकशी, ही सगळी हकीकत इतिहासाच्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. ती सांगत बसत नाही. 1875 साली इंग्रजांनी मल्हाररावांना पदच्युत केले आणि खंडेरावांच्या विधवा राणी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची परवानगी दिली. घराण्यातली मुले बघण्यासाठी आणली गेली, त्यांत कवळाण्याची ही भावंडे होती. कशासाठी आलास असे विचारल्यावर इतर मुले गोंधळली आणि गोपाळने मात्र राज्य करायला आलो असे धिटाईने सांगितले, अशी आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, बडोद्यात ती घरोघर सांगतात. 27 मे 1875 रोजी दत्तकविधान झाले आणि कवळाण्याचा गोपाळ सयाजीराव झाला.

आता या मुलाला वाचायला शिकवायचे होते. संस्थानचे दिवाण सर टी. माधवराव यांनी शिक्षणाची व्यवस्था केली आणि एफ. ए. एच. इलियट नावाचे इंग्रज अधिकारी शिक्षक म्हणून आले. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी, चार भाषा एकदम सुरू झाल्या. आपल्यापैकी ज्यांना पहिलीत एकच मुळाक्षरांची पाटी गिरवताना रडू आले असेल त्यांनी विचार करावा. बारा वर्षांचा दांडगा मुलगा, आजूबाजूला हुजरे आणि मानकरी, आणि पुढे चार लिप्यांची चार पुस्तके! मुलगा चटपटीत नव्हता, पण चिकाटीचा होता. सहा वर्षांत त्याने एवढी मजल मारली की 28 डिसेंबर 1881 रोजी, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, राज्यकारभाराची पूर्ण सूत्रे त्याच्या हाती देण्यात आली.

उशिरा शिकलेल्या माणसाला अक्षराची किंमत वेगळी कळते असे मला वाटते. आपण लहानपणीच शिकतो, त्यामुळे वाचता येत नव्हते तो काळ आपल्याला आठवत नाही. सयाजीरावांना तो चांगला आठवत असला पाहिजे. पुढच्या आयुष्यात ते वाचनाच्या मागे ज्या रीतीने लागले त्याचा उलगडा मला तरी दुसऱ्या कशाने होत नाही. प्रकृती त्यांना साथ देत नसे, झोपेचा त्रास होता, म्हणून पुस्तके वाचून दाखवायला ते रीडर नेमत. 1889 साली असे एक तरुण पदवीधर नोकरीला लागले. त्यांचे नाव गोविंद सखाराम सरदेसाई. महाराजांना वाचून दाखवता दाखवता, राजपुत्रांना शिकवता शिकवता आणि राजवाड्यातले ग्रंथ चाळता चाळता त्यांनी मराठी रियासत लिहायला घेतली, आणि आज आपण त्यांना रियासतकार म्हणून ओळखतो. आमच्या इतिहासाच्या वर्गात रियासतीचे खंड पुष्कळदा निघतात, पण ते एका राजाच्या निद्रानाशाचेही थोडे देणे लागतात हे मला तरी बडोद्यातच कळले.

सयाजीरावांचा सगळा कारभार सांगायचा तर हे वार्षिक पुरणार नाही. शहराला पाणी देणारे आजव्याचे सरोवर, 1890 चे कलाभवन, 1904 चा बालविवाह प्रतिबंधक कायदा, 1908 ची बँक ऑफ बडोदा ही नावे घेऊन पुढे जातो. मात्र एक गोष्ट पुस्तकालयाच्या कथेला जोडून आहे, ती सांगितली पाहिजे. 1893 साली त्यांनी अमरेली तालुक्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत करून पाहिले आणि 1906 साली ते सर्व संस्थानाला लागू केले. त्या काळी हिंदुस्थानात असे कोठे नव्हते. शाळा निघाल्या, हजारो मुले लिहायला-वाचायला शिकली. आणि मग एक साधी अडचण दिसू लागली. मुलगा चौथी पास होऊन शेतावर गेला की त्याच्या हाती छापील कागद पुन्हा येत नाही, आणि चार-पाच वर्षांत तो शिकलेले विसरतो. म्हणजे सरकारने शाळेवर खर्च केलेला पैसा मातीत! शाळेच्या मागे वाचायला पुस्तक हवे, तेही गावातच हवे, असा हा सरळ हिशेब होता.

याच सुमारास, 1906 साली, महाराज आणि महाराणी चिमणाबाई अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले. तेथे त्यांनी सार्वजनिक ग्रंथालये पाहिली. ग्रंथालये इकडेही नव्हती असे नाही. आपल्या नाशिकचे सार्वजनिक वाचनालय 1840 चे आहे, पुण्याचे नगर वाचन मंदिर 1848 चे. पण ती वर्गणीदारांची. शहरातल्या शिकलेल्या मंडळींनी आपल्यासाठी काढलेली. कोणीही यावे, वर्गणी मागायची नाही, पुस्तक घरी न्यावे, आणि खर्च सार्वजनिक तिजोरीतून, ही कल्पना आपल्याकडे नवी होती. 1910 च्या दुसऱ्या अमेरिका-भेटीनंतर महाराजांनी विल्यम बोर्डन या न्यू हेवन गावच्या अनुभवी ग्रंथपालाला बडोद्याला बोलावले. बोर्डन तीन वर्षे राहिले. राजवाड्यातले महाराजांचे स्वतःचे सुमारे वीस हजार ग्रंथ लोकांसाठी खुले झाले आणि त्यावर मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले. 1911 साली ग्रंथपालांना शिकवण्याचा वर्ग निघाला. मुलांचा विभाग निघाला, स्त्रियांसाठी सोय झाली. बोर्डन परत गेल्यावर जनार्दन सखाराम कुडाळकर या आपल्या मराठी गृहस्थांनी आणि पुढे न्यूटन दत्त यांनी ते काम सांभाळले. कुडाळकरांनी तर ग्रंथालयांविषयीचे एक त्रैमासिक इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत चालवले. 1931 पासून हे ग्रंथालय आजच्या इमारतीत, म्हणजे आप्पांच्या त्या काचेच्या जमिनीच्या इमारतीत आहे.

येथपर्यंत मी वाचले तेव्हा माझ्या मनात एक शंका आली, आणि ती मी आप्पांना विचारली. राजाने दिले म्हणून लोकांनी घेतले, यात लोकांच्या प्रेमाचा काय संबंध? फुकट मिळालेल्या वस्तूवर माणसाचे प्रेम बसते का? हे विचारण्यामागे एक घरगुती कारण होते. आमच्या गावच्या वाचनालयाचे छप्पर गेल्या दोन पावसाळ्यांपासून गळते आहे. मागच्या वर्षी तेथे दुरुस्तीसाठी मदतीची पेटी ठेवली. मी वडिलांशी वाद घातला होता की छप्पर शाकारणे हे सरकारचे काम, लोकांनी पैसे का द्यायचे. वडील काही बोलले नाहीत, त्यांनी पाचशे रुपये पेटीत टाकले. मी त्याआधीच सभासदत्व सोडले होते. मोबाइलवर सगळे मिळते अशी माझी तेव्हा समजूत होती.

आप्पांनी माझ्या शंकेवर उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी एक जुने पुस्तक काढून दिले आणि त्यातला खेडेगावच्या पुस्तकालयांचा भाग वाच म्हणून सांगितले.

तो भाग मला सगळ्या चरित्रात महत्त्वाचा वाटतो. महाराजांनी खेड्यांना पुस्तकालये दिली नाहीत. गावाने आधी आपले पैसे उभे करायचे, मग तेवढेच संस्थानने घालायचे आणि तेवढेच प्रांत पंचायतीने, असा नियम होता. खेड्याने वर्षाला शंभर रुपये जमवले की त्याचे तीनशे होत. तालुक्याच्या गावाला ही मर्यादा तीनशेची आणि प्रांताच्या मोठ्या गावाला सातशेची. इमारत बांधायची तरी तिसरा हिस्सा गावाचाच. शंभर रुपये ही त्या काळी खेड्याला लहान रक्कम नव्हती. पाटलाने दहा दिले, वाण्याने पाच, कोणी चार आणे, कोणी धान्य विकून काही, असे ते जमत असणार. ज्याचा चार आण्यांचा हिस्सा आहे तो माणूस पुस्तक फाटले तर बोलल्याशिवाय राहत नाही, आणि कुलूप वेळेवर उघडले नाही तर दारात उभा राहतो. पुढे पुढे संस्थानात हजारावर पुस्तकालये आणि वाचनकक्ष झाले. संस्थानची वस्ती वीस-पंचवीस लाखांची, तीही चार तुकड्यांत विखुरलेली, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे वजन कळते.

हे नुसते वरून आलेले नव्हते, हेही सांगितले पाहिजे. चरोतरात मोतीभाई अमीन नावाचे एक शिक्षक होते. बोर्डन येण्याच्या आधीच, 1906 पासून, त्यांनी गावोगाव मित्रमंडळे काढून वर्तमानपत्रे आणि पुस्तके पोचवायला सुरुवात केली होती. महाराजांनी या शिक्षकाला ग्रंथालय खात्यात घेतले आणि ते वर्षानुवर्षे गावोगाव फिरत राहिले. गुजरातेत आज ग्रंथालय चळवळीचे जनक म्हणून मान आहे तो मोतीभाईंना, महाराजांना नव्हे, आणि मला वाटते ते योग्यच आहे. योगायोग असा की दोघेही 1939 च्या फेब्रुवारी महिन्यातच वारले.

आणि ज्या गावाला शंभर रुपयेही जमत नसत त्याचे काय? त्यासाठी फिरत्या पेट्या होत्या. मजबूत लाकडी पेटी, तिला कुलूप, आत पंधरा ते तीस पुस्तके. गावातल्या एखाद्या जबाबदार माणसाने मागणी केली की पेटी आगगाडीने रवाना होई, आणि जाण्यायेण्याचा खर्च संस्थानचा. वाचून झाली की पेटी परत, दुसरी हजर. ज्यांना वाचताच येत नव्हते त्यांच्यासाठी जादूचे कंदील आणि सिनेमाची यंत्रे घेऊन खात्याची माणसे खेड्यांत जात. रात्री पडदा लावीत आणि शेती, आरोग्य, परदेश असे काही दाखवीत. त्या पेटीचे कुलूप एखाद्या खेड्यात पहिल्यांदा उघडताना भोवती किती पोरे जमली असतील, याचे चित्र माझ्या डोळ्यांपुढून अजून हलत नाही.

पण चरित्र लिहायचे तर फक्त उजेडाचे लिहून चालत नाही. महाराज पुष्कळ काळ युरोपात असत. प्रकृतीचे कारण खरे होते, तरी राजा परदेशात आणि प्रजा येथे, अशी टीका त्यांच्या हयातीतच होत असे. 1911 च्या दिल्ली दरबारात बादशहापुढे त्यांनी मुजरा रीतसर केला नाही म्हणून इंग्रजांचा रोष झाला, आणि पुढे त्यांना खुलासाही करावा लागला. हे सारे समजून घेता येते. एक गोष्ट मात्र मला वाचवेना. महाराजांनी अंत्यजांसाठी शाळा काढल्या होत्या. 1913 साली त्यांच्याच शिष्यवृत्तीवर डॉ. आंबेडकर अमेरिकेला गेले. 1917 साली करारानुसार ते बडोद्याच्या नोकरीत हजर झाले, तेव्हा त्यांना राहायला शहरात जागा मिळाली नाही. कचेरीतले शिपाई त्यांच्याकडे कागद लांबून टाकीत. जात लपवून एका पारशी पथिकाश्रमात राहावे लागले, आणि ते उघड झाल्यावर लोक लाठ्या घेऊन आले. कोलंबियात शिकून आलेला तो विद्वान त्या दिवशी मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत कमाठीबागेत बसून राहिला. कोणाही नागरिकाने यावे आणि पुस्तक न्यावे असे ग्रंथालय त्याच शहरात सात वर्षे आधी निघाले होते. राजा हुकमाने पुस्तकाचे दार उघडू शकतो. घराचे दार उघडणे त्याच्या हातात नव्हते. हे त्याने करायला हवे होते की नाही यावर मी आणि आत्येभाऊ रात्री उशिरापर्यंत भांडलो. आप्पा गप्प होते. झोपायला जाताना ते एवढेच म्हणाले की त्यांच्या लहानपणी आळीतही सगळ्यांना सगळ्यांच्या ओट्यावर बसता येत नसे, पण पुस्तकालयात त्यांच्या बाकावर कोण बसे हे त्यांनी घरी कधी सांगितले नाही.

महाराजांचे घरगुती आयुष्य सुखाचे नव्हते. पहिल्या महाराणी चिमणाबाई 1885 साली वारल्या. त्याच वर्षी दुसरा विवाह झाला, आणि या महाराणींचेही नाव चिमणाबाईच ठेवले गेले. चार मुलांपैकी फत्तेसिंहराव 1908 साली, शिवाजीराव 1919 साली आणि जयसिंहराव 1923 साली गेले. तीन तरुण मुलांना पोचवून हा बाप कारभार पाहत राहिला. 1915-16 पासून गायकवाड प्राच्यमालेत संस्कृत ग्रंथ प्रसिद्ध होऊ लागले, आणि 1927 साली मध्यवर्ती ग्रंथालयाच्या संस्कृत विभागातून प्राच्यविद्या मंदिर वेगळे झाले. 1932 साली कोल्हापूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. बाराव्या वर्षापर्यंत निरक्षर असलेला दुसरा कोणी संमेलनाध्यक्ष मला तरी आठवत नाही. 6 फेब्रुवारी 1939 रोजी मुंबईत त्यांचा अंत झाला. दहा वर्षांनी, 1949 साली, बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि 1960 नंतर ते गुजरातचा भाग आहे. ग्रंथालय आता गुजरात सरकारकडे आहे. राजा नाही, संस्थान नाही. आप्पांची खुर्ची आहे.

निघायच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर पुन्हा एकदा गेलो. दालनात एक नवीन मुलगा त्यांच्या खुर्चीवर बसून स्पर्धा परीक्षेची पुस्तके पसरून लिहीत होता. आम्हाला पाहून कोणीतरी त्याला खुणावू लागले. आप्पांनी हाताने नको म्हटले आणि खिडकीजवळच्या बाकावर जाऊन बसले. तेथे उजेड कमी होता म्हणून मी त्यांना अग्रलेख वाचून दाखवला, हळू आवाजात, इतरांना त्रास होऊ नये म्हणून.

गावी परतल्यावर सोमवारी मी आमच्या वाचनालयात गेलो. ग्रंथपालबाईंनी माझा जुना सभासद क्रमांक नोंदवहीत शोधून काढला. त्याच्यापुढे एक पुस्तक येणे बाकी असल्याची लाल शाईची खूण होती, आणि ते पुस्तक घरी माझ्याच कपाटात होते. दंड किती झाला ते बाईंनी कागदावर मांडून पाहिले आणि मग कागद बाजूला ठेवला. छपराची पेटी अजून टेबलावर होती. खालच्या फळीवरची पुस्तके त्यांनी पावसाळ्यात वर उचलून ठेवली होती, ती परत खाली लावायची राहिली होती. दुपारभर आम्ही तेच केले. अर्ध्या तासाने शेजारच्या पानवाल्याचा मुलगाही मदतीला आला.